तिकीट नसलेल्यांचे रंगमंदिर

छत्रपती संभाजीनगरहून गोव्याला निघणाऱ्यांच्या यादीत समुद्रकिनारे असतात, मंगेशी-शांतादुर्गा असतात, जुन्या गोव्यातली चर्चही असतात. पणजीच्या कांपाल भागातली कला अकादमी मात्र क्वचितच असते. रस्त्यावरून ती नजरेत भरत नाही, हे त्याचे एक कारण. मांडवीच्या काठावर, झाडांच्या सावलीत पसरलेली ती बैठी इमारत आहे. बीबी का मकबऱ्याचा घुमट आणि देवगिरीचा चांद मिनार पाहत वाढलेल्या आपल्या नजरेला वास्तू म्हटली की उंची हवी असते. सिडनीचे ऑपेरा हाउसही आपल्याला ठाऊक आहे ते शिडांसारख्या छपरांमुळे. पण पाण्याकाठच्या सभागृहाची थोरवी छपरावरून ठरवू नये. कार्यक्रम नसलेल्या दिवशी, खिशात तिकीट नसलेला माणूस तिथे कुठवर जाऊ शकतो, यावरून ती ठरवावी.

या कसोटीवर कला अकादमी पाहण्यासारखी आहे. चार्ल्स कोरिया यांच्या आराखड्यावरून १९७३ ते १९८३ या काळात ती उभी राहिली. मुख्य प्रवेशाशी भव्य दर्शनी भिंत नाही. वर उन्हाची जाळी पाडणारा मांडव आणि खाली आरपार मोकळी जागा आहे. रस्त्यावरून आत शिरलेला माणूस सभागृहात न जाता थेट नदीकडे निघू शकतो. दमट, पावसाळी मुलखात सावली आणि वारा हीच खरी सोय, हे ओळखून केलेली ही रचना आहे. आतल्या सुमारे हजार आसनांच्या सभागृहाला दीनानाथ मंगेशकरांचे नाव आहे. त्याच्या भिंतींवर मारिओ मिरांडा यांनी जुन्या नाट्यगृहातले सज्जे आणि त्यांत बसलेली माणसे रंगवली. खुर्च्या रिकाम्या असल्या तरी भिंतीवरचे प्रेक्षक हजर असतात! मराठी नाट्यस्पर्धा, भजनस्पर्धा, तियात्र हे कोकणी नाट्य आणि केसरबाई केरकरांच्या नावाचा संगीत समारोह या सगळ्यांशी या संस्थेचे नाते आहे.

यावर संगीतरसिक म्हणेल की सभागृह ऐकण्यासाठी असते, हिंडण्यासाठी नव्हे. त्याचे म्हणणे रास्त आहे. कला अकादमीच्या नूतनीकरणानंतर तिथल्या ध्वनी आणि प्रकाशव्यवस्थेबद्दल कलावंतांनी तक्रारी केल्या, आणि आवाज बिघडला तर मोकळ्या ओसरीने त्याची भरपाई होत नाही. मुंबईच्या नरिमन पॉइंटवरील एनसीपीएचे टाटा थिएटर इथे आठवते. फिलिप जॉन्सन यांनी आराखडा केलेले आणि १९८० मध्ये सुरू झालेले हे सभागृह प्रेक्षकाला गवयाच्या जवळ आणते, आणि त्याच्या दालनातून समुद्रही दिसतो. मात्र मरीन ड्राइव्हवर फिरायला आलेल्या माणसाच्या वाट्याला येते ते फाटक. म्हणजे उत्तम ध्वनी आणि मोकळी वाट या दोन वेगळ्या गरजा आहेत. एकीसाठी दुसरीचा बळी द्यावा लागत नाही. खुद्द सिडनीतही छपरांचे फोटो निघतात, पण तिकीट न काढता लोक बसतात ते पाण्यालगतच्या रुंद पायऱ्यांवर.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा आहे. मोकळ्या जागेत कचरा होतो, नासधूस होते, देखभालीचा खर्च वाढतो. पण पणजीचा अनुभव दुसरी बाजूही दाखवतो. अकादमीचा खुला रंगमंच पाडण्याची कल्पना २०१९ मध्ये पुढे आली तेव्हा विरोध उभा राहिला. जुलै २०२३ मध्ये दुरुस्ती सुरू असताना त्याच रंगमंचावरचे छत कोसळले, तेव्हा जाब विचारणाऱ्यांत केवळ कलावंत नव्हते. जिथे माणूस नुसता वाऱ्याला बसलेला असतो, ती जागा त्याला आपली वाटते. आणि आपल्या जागेवर लक्ष ठेवायला पगारी पहारेकरीच लागतो असे नाही. आपल्याकडचे संत एकनाथ रंगमंदिर दुरुस्तीसाठी दीर्घकाळ बंद राहिले, तेव्हा हळहळ मुख्यतः नाट्यकर्मींना आणि रसिकांना वाटली. नाटकाला न जाणाऱ्याच्या लेखी ती एक बंद भिंत होती.

आपल्याकडे मांडवी नाही, समुद्र तर नाहीच. पण पाणी आणि वाटसरू यांना एकत्र आणणारी पाणचक्की खाम नदीकाठी आहे, आणि ती ज्या दर्ग्याच्या आवारात आहे तो बाबा शाह मुसाफिर यांचा. डोंगरातून नहरीने आणलेले पाणी उंचावरून सोडून चक्की फिरवायची, आलेल्या-गेलेल्याच्या पोटाची सोय करायची, आणि त्याच पाण्याच्या हौदाखाली उन्हाळ्यात गारवा देणारे दालन बांधायचे, हा त्यामागचा विचार होता. आज तिथे शिरायला तिकीट पडते, तरी तो विचार जुना झालेला नाही. शहरात पुढचे रंगमंदिर बांधताना किंवा जुने सुधारताना आसने किती हे विचारले जाईलच. त्यासोबत प्रयोग नसलेल्या दुपारी वाटसरूला टेकायला पायरी कुठे आहे, तेही नकाशावर दाखवायला सांगावे.