डेटाशीट वाचताना : तापमानाची मर्यादा नेमकी कोठली?

व्होल्टेज आणि विद्युतप्रवाह यांच्या ज्या मर्यादांची चर्चा मागील लेखात झाली, त्या वाचताना फारसा गोंधळ होत नाही, कारण त्या कोणत्या दोन टोकांमध्ये मोजायच्या हे आकृतीवरूनच कळते. तापमानाच्या मर्यादांचे तसे नाही. एकाच डेटाशीटमध्ये ७०, १२५, १५० आणि ३०० अंश सेल्सिअस असे चार आकडे आढळतात आणि ते चारही बरोबर असतात. फक्त प्रत्येक आकडा वेगळ्या जागेचा किंवा वेगळ्या प्रसंगाचा असतो, आणि ती जागा बहुधा आकड्याशेजारच्या एखाद्या छोट्या पादाक्षराने दर्शविलेली असते. ते पादाक्षर न वाचता केवळ आकडा उचलणे हे या विषयातील बहुतेक चुकांचे मूळ आहे.

सर्वांत महत्त्वाचे तापमान जंक्शनचे, म्हणजे आवरणाच्या आत असलेल्या सिलिकॉनच्या चकतीवर जेथे प्रत्यक्ष उष्णता निर्माण होते त्या जागेचे. तेथे तापमापक लावता येत नाही, म्हणून ते मोजण्याऐवजी गणिताने काढावे लागते. दुसरे तापमान केसचे, म्हणजे बाह्य आवरणाचे. आणि तिसरे सभोवतालच्या हवेचे. याखेरीज साठवणुकीची मर्यादा दिलेली असते, ती वीजपुरवठा नसलेल्या, गोदामात पडून असलेल्या घटकापुरती असल्याने तिच्या वरच्या टोकाशी घटक चालविता येईल असा अर्थ तिच्यातून काढता येत नाही. डाख देण्यासाठी म्हणून लिहिलेला २६० किंवा ३०० अंशांचा आकडा तर केवळ पायांपुरता आणि दहा सेकंदांसारख्या अल्प कालावधीपुरता असतो.

जंक्शनची कमाल मर्यादा कशावर ठरते, हे पाहण्यासाठी २एन३०५५ हा पॉवर ट्रान्झिस्टर सोयीचा आहे. ६० व्होल्ट आणि १५ अँपिअर क्षमतेचा हा ट्रान्झिस्टर धातूच्या टोपीसारख्या आवरणात येतो आणि त्याच्या जंक्शनची मर्यादा २०० अंश आहे. तेवढ्याच व्होल्टेजचा आणि तेवढ्याच प्रवाहाचा, परंतु प्लॅस्टिकच्या आवरणातील टीआयपी३०५५ घेतला तर हीच मर्यादा १५० अंशांवर येते. या तफावतीत आवरणाचा वाटा मोठा आहे, कारण साच्यात ओतलेले प्लॅस्टिक, चकती चिकटविण्याचा थर आणि तिला पायांशी जोडणाऱ्या बारीक तारांचे सांधे यांपैकी जे आधी दुबळे पडते, तेच साऱ्या घटकाची मर्यादा ठरविते.

या दोन ट्रान्झिस्टरांची वॅटमधील क्षमता अधिक बोलकी आहे. २एन३०५५च्या डेटाशीटवर ११५ वॅट असे लिहिलेले असते; पण ही क्षमता केसचे तापमान २५ अंश राखले तरच मिळते, आणि शंभराहून अधिक वॅट बाहेर टाकणारी धातूची टोपी २५ अंशांवर राखणे कोणत्याही सर्वसाधारण हीटसिंकला शक्य नाही. म्हणूनच त्या आकड्याखाली, २५ अंशांच्या वर प्रत्येक अंशामागे ०.६५७ वॅट वजा करावेत, अशी सूचना असते. या घटीला व्यवहारात डीरेटिंग म्हणतात. केस १०० अंशांवर पोहोचली की ११५ वॅटचे सुमारे ६६ वॅट उरतात. आणि टीआयपी३०५५ची ९० वॅटची क्षमता, प्रत्येक अंशामागे ०.७२ वॅट या दराने घटून, त्याच तापमानाला अवघी ३६ वॅट राहते. पहिल्या पानावर ठळक छापलेला वॅटचा आकडा हा दोन घटकांची तुलना करण्यापुरता उपयोगी आहे. रचनेचा आधार म्हणून तो जवळजवळ निरुपयोगी म्हणावा लागेल.

सभोवतालच्या तापमानाच्या आकड्यावरून घटकांच्या श्रेणी पाडल्या जातात. एलएम१५८, एलएम२५८ आणि एलएम३५८ हे तिन्ही एकाच रचनेचे ऑप-अँप असून पहिला उणे ५५ ते १२५ अंश, दुसरा उणे २५ ते ८५ अंश आणि तिसरा ० ते ७० अंश या पट्ट्यासाठी दिला जातो. दुकानात सर्रास मिळणारा असतो तो तिसरा. येथे सभोवताल म्हणजे गावाचे हवामान नव्हे, तर घटकाला प्रत्यक्ष स्पर्श करणारी, पेटीच्या आतली हवा. विदर्भात मे महिन्यात सावलीतील तापमान ४५ अंशांच्या पुढे जाते, आणि शेतातील पंपाच्या नियंत्रकासाठी उन्हात बसविलेल्या बंद लोखंडी पेटीत ते ६० अंशांवर पोहोचू शकते. ७० अंशांची व्यापारी श्रेणी तेथे दहाच अंशांचे अंतर राखून काम करते, आणि शेजारी तापणारा रोधक असल्यास तेवढेही अंतर उरत नाही.

जंक्शन आणि हवा यांना जोडणारी राशी म्हणजे औष्णिक रोध. एक वॅट उष्णता वाहून नेताना दोन जागांमध्ये किती अंशांचा फरक पडतो, हे तो सांगतो. ओहमच्या नियमात व्होल्टेजच्या जागी तापमानातील फरक आणि प्रवाहाच्या जागी वॅट ठेवले की गणित तेच राहते. ७८०५ हा सर्वपरिचित रेग्युलेटर १२ व्होल्टवरून ५ व्होल्ट काढून अर्धा अँपिअर देत असेल, तर उरलेले ७ व्होल्ट गुणिले ०.५ अँपिअर, म्हणजे ३.५ वॅट उष्णतेच्या रूपाने त्याच्यातच खर्च होतात. हीटसिंक नसताना जंक्शन ते हवा हा रोध सुमारे ५० अंश प्रति वॅट धरला, तर जंक्शन हवेपेक्षा १७५ अंशांनी अधिक तापेल, म्हणजे ३० अंशांच्या सुखद खोलीतही हिशेब २०५ अंशांवर जातो, आणि मर्यादा १२५ अंशांची आहे. प्रत्यक्षात तेवढे तापमान गाठण्यापूर्वीच या चिपमधील संरक्षक मंडल पुरवठा तोडते. थंड झाल्यावर तो पुन्हा जोडला जातो, आणि दुरुस्ती करणारा मात्र चिप सदोष समजून बदलत राहतो.

आता तीच चिप ६० अंशांच्या पेटीत ठेवून जंक्शन १२५ ऐवजी १०० अंशांच्या आत राखायचे ठरविले, तर ४० अंशांच्या फरकाला ३.५ वॅटने भागून एकूण ११.४ अंश प्रति वॅट एवढा रोध परवडतो. त्यातून जंक्शन ते केस हे ५ आणि केस व हीटसिंक यांमधील पेस्टसह सांध्याचे १ वजा केले, की हीटसिंकसाठी जेमतेम ५.४ अंश प्रति वॅट उरतात. एवढ्यासाठी चांगलाच मोठा ॲल्युमिनियमचा तुकडा लागतो. इनपुट १२ ऐवजी ९ व्होल्ट घेतले तर खर्च २ वॅटवर येतो आणि १४ अंश प्रति वॅटचा लहानसा हीटसिंक पुरतो. उष्णता बाहेर काढण्यापेक्षा ती निर्माणच होऊ न देणे बहुतेक वेळा स्वस्त पडते.

पृष्ठभागावर बसविल्या जाणाऱ्या लहान घटकांच्या बाबतीत जंक्शन ते हवा हा आकडा अधिक जपून वापरावा लागतो. तो एका प्रमाणित चाचणी-बोर्डावर, ठरावीक तांब्यासह आणि स्थिर हवेत मोजलेला असतो; घटकाखाली तांबे कमी असलेल्या स्वस्त बोर्डावर तोच घटक त्यापेक्षा बराच अधिक तापतो.

‘कमाल मर्यादा’ आणि ‘शिफारस केलेली कार्यस्थिती’ हे दोन तक्ते वेगळे का असतात, हेही येथे स्पष्ट होते. पहिल्या तक्त्यातील मर्यादा ओलांडल्यास घटक कायमचा निकामी होऊ शकतो. परंतु त्या मर्यादेच्या आत तो अचूक काम करील अशी हमी केवळ दुसरा तक्ता देतो. सिलिकॉनमधील गळतीचा प्रवाह साधारणतः दर १० अंशांना दुप्पट होतो आणि बेस-एमिटर व्होल्टेज दर अंशाला सुमारे २ मिलिव्होल्टने उतरते, त्यामुळे घटक जळण्याच्या कितीतरी आधी त्याचे गुणधर्म सरकू लागतात. ॲम्प्लिफायरमध्ये बायस ठरविणारा छोटा ट्रान्झिस्टर मुद्दाम पॉवर ट्रान्झिस्टरच्या हीटसिंकवरच बसवितात, तो याच कारणाने.

इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरवर छापलेली मर्यादा तर आयुष्याच्या अटीसह येते. ‘१०५ अंश, २००० तास’ याचा अर्थ त्या तापमानात तो सुमारे ८३ दिवसच आपले गुणधर्म टिकवील, एवढाच आहे. आणि दर १० अंश कमी तापमानाला आयुष्य दुप्पट होते या प्रचलित अंदाजाने ६५ अंशांवर तेच ३२,००० तास, म्हणजे साडेतीन वर्षांहून थोडे अधिक भरते. आतून वाहणाऱ्या तरंग-प्रवाहाने होणारी स्वतःची तापवाढ त्यात धरलेली नाही, ती वेगळी मिळवावी लागते.

पुढील आठवड्यात डेटाशीटमधील आलेखांकडे वळायचे आहे. तोपर्यंत वाचकांनी हाताशी असलेल्या एखाद्या पॉवर ट्रान्झिस्टरची डेटाशीट उघडून, केस १०० अंशांवर असताना त्याचे किती वॅट शिल्लक राहतात, हे स्वतः काढून पाहावे.