पाण्याला वाट देणारी भिंत

इंग्लंडमधल्या ऑक्सफर्डशायर परगण्यात, थेम्स नदीच्या काठाजवळ केल्म्सकॉट मॅनर हा दगडी वाडा उभा आहे. साधारण १६०० च्या सुमारास टर्नर या सधन शेतकरी घराण्याने तो बांधला. कवी आणि कारागीर विल्यम मॉरिसने १८७१ मध्ये तो भाड्याने घेतल्यावर त्याचे नाव सर्वदूर झाले. अशा शेतघरांचे कौतुक होते ते त्यांच्या देखणेपणासाठी. त्यांचे खरे शहाणपण मात्र पाण्याशी केलेल्या व्यवहारात आहे. ओल पूर्णपणे थोपवता येत नाही, हे बांधणाऱ्यांनी मान्य केले आणि आत शिरलेल्या ओलीला बाहेर पडायला वाट ठेवली. विसाव्या शतकातल्या अनेक दुरुस्त्यांनी नेमकी हीच वाट बुजवली.

आधी छप्पर पाहू. या भागातल्या जुन्या घरांवर चुनखडीच्याच पातळ फरशा असतात. याच परगण्यातल्या स्टोन्सफील्डच्या खाणींत त्या काढण्याची खास रीत होती. हिवाळ्यापूर्वी दगड उपसायचा, तो ओला ठेवायचा आणि कडाक्याच्या थंडीत उघड्यावर पसरायचा. पाणी गोठताना त्याचे आकारमान सुमारे ९ टक्क्यांनी वाढते, त्यामुळे थरांमध्ये मुरलेले पाणी बर्फ होताना दगड आतून उकलते. मग हलक्या घावानेही फरशी सुटते. सर्वांत मोठ्या फरशा वळचणीला आणि आढ्याकडे जाताना लहान लहान होत गेलेल्या, अशी त्यांची मांडणी असते. ती केवळ शोभेची नाही. पाखावरून उतरताना पावसाचे पाणी वाढत जाते आणि वळचणीपाशी ते सर्वाधिक असते. तिथे मोठ्या फरशा असल्या की सांधे कमी राहतात. उतारही चांगला उभा, पन्नास अंशांच्या आसपास ठेवलेला असतो, म्हणजे पाणी रेंगाळत नाही.

भिंतीचे गणित याहून सूक्ष्म आहे. जाड दगडी भिंतीच्या आतल्या आणि बाहेरच्या अंगाला दगड रचलेले असतात, मध्ये खडी-मातीची भर असते आणि दगडांना धरून ठेवतो तो चुन्याचा गारा. चुनखडी भट्टीत सुमारे ९०० अंश सेल्सिअसला भाजली की कळीचा चुना मिळतो. तो पाण्यात विझवून वाळूत कालवतात. भिंतीत गेल्यावर हा चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड सावकाश शोषून पुन्हा कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे चुनखडीच, बनतो. मात्र ही नवी चुनखडी मऊ आणि सच्छिद्र असते. भिंतीत मुरलेली ओल साहजिकच दगडापेक्षा सांध्यातून लवकर सुकते. पाण्याबरोबर आलेले क्षारही तिथेच स्फटिकरूप घेतात आणि झिजतो तो गारा. विजेच्या मंडलातल्या फ्यूजसारखा तो आधी जातो आणि महागाचा दगड वाचवतो. काही दशकांनी दर्जा, म्हणजे दगडांमधल्या सांध्यांच्या फटी, पुन्हा भरल्या की झाले.

लीड्सच्या जोसेफ ॲस्पडिनने १८२४ मध्ये पोर्टलँड सिमेंटचे पेटंट घेतले. पुढे जुन्या घरांच्या दर्जाही सिमेंटने भरल्या जाऊ लागल्या. सिमेंट घट्ट आणि कमी सच्छिद्र असल्याने सांध्याची वाट बंद होते आणि ओल दगडाच्या तोंडातून बाहेर पडू लागते. क्षार आता दगडात साचतात, गोठणारे पाणी दगडाचे पापुद्रे काढते. अशी भिंत जवळून पाहिली तर दगड आत खचलेले आणि सिमेंटच्या रेघा जाळीसारख्या पुढे आलेल्या दिसतात. खाणीत फरशी देणारा बर्फ इथे घराचा दगड खातो.

यावर कोणी म्हणेल, टिकलेली घरे पाहून जुन्या बांधकामाचे गोडवे गाणे सोपे आहे. पडलेली घरे आपल्याला दिसतच नाहीत. आक्षेप रास्त आहे आणि केवळ वय हा पुरावा नव्हेच. पण एकाच भिंतीवर, एकाच पावसात, सिमेंट भरलेल्या भागातला दगड सुटतो आणि शेजारचा चुन्यातला दगड शाबूत राहतो, तेव्हा ती तुलना वयावर अवलंबून नसते. दुसरा आक्षेप मजबुतीचा. सिमेंट अधिक भार पेलते, हे खरेच. पण दोन मजली घराच्या एवढ्या जाड भिंतीला त्या जादा ताकदीची गरज नसते. उलट, जमीन थोडी हलली तर चुना थोडाफार सामावून घेतो, ताठर सिमेंटला तडा जातो आणि त्यातून पाणी आत शिरते. तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर आहे. ही घरे थंड असतात आणि ती उबदार ठेवायला इंधन फार लागते. म्हणूनच उष्णता राखणारे अस्तर लावावे, पण ते बाष्प जाऊ देणारे, लोकरीचे किंवा लाकडाच्या तंतूंचे असावे. पाणी स्थिर हवेच्या वीसपटींहून अधिक वेगाने उष्णता वाहून नेते. छिद्रांत हवेऐवजी पाणी भरलेली भिंत जास्त उष्णता गमावते. त्यामुळे भिंत कोरडी ठेवणे ही इंधन वाचवण्याची पहिली पायरी ठरते.

मॉरिसने १८७७ मध्ये प्राचीन वास्तूंच्या रक्षणासाठी संस्था स्थापन केली. जुन्या इमारतींचा गिलावा खरवडून त्यांना नवे रूप देण्याची तेव्हाची टूम त्याला इतिहासाची हानी वाटत होती. आज पदार्थविज्ञानही वेगळ्या वाटेने जुने जपण्याच्या त्याच सल्ल्याशी येऊन पोहोचते. फुटकी फरशी वेळीच बदलावी, पन्हाळी साफ ठेवावी आणि दुरुस्तीचा माल मूळ दगडाहून नेहमी मऊ आणि सच्छिद्र निवडावा. जुन्या घरात दुरुस्तीने झिजायचे असते, दगडाने नव्हे.