राष्ट्रपतिपदाची निवडणूक : व्हिप नसताना पाठिंब्याचे मोल

राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीत कोणत्याही राजकीय पक्षाला आपल्या खासदार-आमदारांसाठी व्हिप काढता येत नाही. मतदान गुप्त असते आणि पक्षाच्या भूमिकेविरुद्ध मत दिले म्हणून पक्षांतरबंदी कायद्याखाली कोणाचे सदस्यत्व जात नाही. त्यामुळे एखाद्या ज्येष्ठ नेत्याने उमेदवाराला जाहीर केलेला पाठिंबा कायद्याच्या दृष्टीने केवळ आवाहन ठरतो. आदेशाला कारण द्यावे लागत नाही. आवाहनाला ते द्यावे लागते. जून २००७ मध्ये शिवसेनाप्रमुख बाळासाहेब ठाकरे यांनी प्रतिभाताई पाटील यांना दिलेला पाठिंबा हे याचे ठळक उदाहरण होय.

त्या वर्षी काँग्रेसप्रणीत संयुक्त पुरोगामी आघाडी आणि डाव्या पक्षांच्या उमेदवार प्रतिभाताई होत्या. त्यांच्यासमोर तत्कालीन उपराष्ट्रपती भैरोसिंह शेखावत अपक्ष म्हणून, परंतु भारतीय जनता पक्षाच्या पाठबळावर उभे होते. शिवसेना आणि भाजपची युती १९८९ पासूनची. तिचा पाया हिंदुत्व. विचारांच्या जवळिकीचा निकष लावला असता शिवसेनेची मते शेखावत यांच्या पारड्यात पडावयास हवी होती. ठाकरे यांनी मात्र निकषच बदलला. महाराष्ट्राची मराठी कन्या प्रथमच देशाच्या सर्वोच्च पदापर्यंत पोहोचत असताना शिवसेना आड येणार नाही, अशी त्यांची भूमिका होती. सहकारी बँक आणि साखर कारखान्याच्या कारभारावरून प्रतिभाताईंवर विरोधकांनी आरोप केले; तरीही शिवसेनेने भूमिका बदलली नाही.

काँग्रेसने याच उमेदवारीचा प्रचार पहिल्या महिला राष्ट्रपती म्हणून केला, तर शिवसेनेने पहिल्या मराठी राष्ट्रपती म्हणून. उमेदवार एकच, मात्र पाठिंब्यामागील मूल्ये वेगळी. योगायोग असा की, जळगाव जिल्ह्यातील प्रतिभाताईंचे सासरही शेखावतांचेच. त्यांचे पती देवीसिंह शेखावत अमरावतीचे. घराण्याचे मूळ राजस्थानात. शिवाय उमेदवारीपूर्वी प्रतिभाताई राजस्थानच्याच राज्यपाल होत्या आणि प्रतिस्पर्धी भैरोसिंह त्या राज्याचे माजी मुख्यमंत्री.

या पाठिंब्याने निकाल ठरला काय? १९७१ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रातील एका आमदाराच्या मताचे मूल्य १७५, तर त्या वेळी खासदाराच्या मताचे मूल्य ७०८ होते. २००४ मध्ये शिवसेनेचे ६२ आमदार आणि लोकसभेत १२ खासदार निवडून आले होते. पुढील पक्षांतरे बाजूला ठेवली आणि राज्यसभेतील सदस्य वगळले, तरी ही बेरीज १९,३४६ इतकी होते. १९ जुलै २००७ रोजी झालेल्या मतदानात प्रतिभाताईंना ६,३८,११६ आणि शेखावत यांना ३,३१,३०६ मूल्याची मते मिळाली. अंतर तीन लाखांहून अधिक. आकड्यांच्या हिशेबात शिवसेनेवाचून काहीही अडले नसते. या पाठिंब्याचे खरे वजन राजकीय होते. युतीतील मोठ्या भागीदाराला नकार देऊनही युती टिकली आणि २००९ च्या निवडणुका दोन्ही पक्षांनी एकत्रच लढविल्या. सरकार पडण्याचा धोका नसलेली ही निवडणूक अशा नकारासाठी सोयीची असते, हेही येथे विसरता येत नाही.

मतांचे अंतर कमी असल्यास मात्र आवाहन निर्णायक ठरू शकते. १९६९ मध्ये नीलम संजीव रेड्डी हे काँग्रेसचे अधिकृत उमेदवार असताना इंदिरा गांधी यांनी सदस्यांना सद्सद्विवेकबुद्धीनुसार मतदान करण्याची मुभा दिली आणि व्ही. व्ही. गिरी विजयी झाले. त्या लढतीत चिंतामणराव देशमुख हे मराठी उमेदवार तिसऱ्या क्रमांकावर होते. पहिल्या पसंतीत कोणालाच बहुमत न मिळाल्याने दुसऱ्या पसंतीची मते मोजावी लागली.

शिवसेनेची वेगळी वाट एवढ्यावर थांबली नाही. १९९७ मध्ये के. आर. नारायणन यांच्याविरुद्ध तिने टी. एन. शेषन यांना साथ दिली होती. २०१२ मध्ये भाजपचा पाठिंबा पी. ए. संगमा यांना असताना ठाकरे यांनी प्रणव मुखर्जी यांची पाठराखण केली. तेथे मराठी अस्मितेचा प्रश्नच नव्हता. कारण उमेदवाराच्या योग्यतेचे होते. मुखर्जी स्वतः ‘मातोश्री’वर आभार मानावयास गेले. ही भेट सोनिया गांधी यांना रुचली नव्हती, असे त्यांनी नंतर आपल्या आठवणींत नमूद केले आहे.

जुलै २०२२ मध्ये उद्धव ठाकरे यांनी महाविकास आघाडीत असूनही द्रौपदी मुर्मू यांना पाठिंबा जाहीर केला. आदिवासी महिलेला मिळत असलेली संधी हे कारण त्यांनी दिले. तोपर्यंत पक्ष फुटला होता आणि बहुसंख्य आमदार एकनाथ शिंदे यांच्याबरोबर गेले होते. शिंदे गटाचा पाठिंबाही मुर्मू यांनाच होता. त्यामुळे १८ जुलैच्या मतदानात शिवसेनेच्या कोणत्या सदस्याने कोणाच्या शब्दाखातर मत दिले, हे मतपेटीतून कळण्याचा मार्ग नव्हता.