गाडीचा एसी : ‘गॅस संपला’ म्हणजे नेमकं काय झालं?

आजचा विषय तसा साधा आहे, पण मे महिन्यात तो अनेकांच्या खिशाला लागतो. गाडीचा एसी थंड करेनासा होतो, आपण गॅरेजमध्ये जातो. समोरचा माणूस बॉनेट उघडतो न उघडतो तोच म्हणतो, “साहेब, गॅस संपलाय, भरून देतो.” गॅस भरला जातो, हवा गार येते, आपण खूश. आणि पुढच्या मे महिन्यात पुन्हा तेच.

आता पहिला मुद्दा. एसीमधला गॅस पेट्रोलसारखा जळत नाही, खर्च होत नाही. तो बंद नळ्यांमधून गोल गोल फिरतो. रबरी नळ्यांमधून आणि सीलमधून वर्षाकाठी अगदी थोडा झिरपतो, हे खरं. पण बारा महिन्यांत एसी बंद पडावा इतका कमी झाला, तर तो ‘संपला’ नाही, तो गळला. म्हणजे कुठेतरी भोक आहे. भोक न शोधता गॅस भरणं म्हणजे फुटक्या माठात पाणी ओतणं.

हा गॅस फिरतो कसा, ते थोडक्यात सांगतो. कंप्रेसर त्याला दाबतो, तो गरम होतो. पुढे जाळीमागे कंडेन्सर असतो, तिथे बाहेरच्या हवेने तो निवतो आणि द्रव होतो. मग एक्स्पान्शन व्हॉल्व्हच्या बारीक छिद्रातून तो एकदम कमी दाबात सुटतो आणि डॅशबोर्डच्या आत असलेल्या कूलिंग कॉइलमध्ये त्याची वाफ होते. वाफ व्हायला उष्णता लागते, ती तो गाडीतल्या हवेतून घेतो. अंगावरचा घाम वाळताना गार वाटतं ना, तीच गोष्ट. म्हणजे एसी थंडी तयार करत नाही, आतली उष्णता उचलून बाहेर टाकतो. हे एकदा डोक्यात बसलं की बिघाड शोधणं निम्मं सोपं होतं. प्रश्न एवढाच उरतो की उष्णता उचलली जात नाही, की बाहेर टाकली जात नाही?

गेज लावायच्या आधी डोळे-कान वापरा. हवाच कमी येत असेल तर गॅसचा काही संबंध नाही. डॅशबोर्डमागचा केबिन फिल्टर काढून बघा. आपल्याकडच्या धुळीत तो वर्षभरात गोधडीसारखा होतो. त्याची किंमत काही शे रुपये, आणि बऱ्याच गाड्यांत तो घरी बदलता येतो. हवा भरपूर येते पण गार नाही, असं असेल तर एसी चालू करून कंप्रेसर बघा. जुन्या पद्धतीच्या क्लचमध्ये ‘टक्’ असा आवाज होऊन पुढची चकती फिरायला लागते. नाही फिरली तर आधी फ्यूज, रिले. (काही नव्या गाड्यांत क्लचच नसतो, कंप्रेसर कायम फिरतो. तिथे या आवाजाची वाट बघू नका.)

तिसरी खूण मला फार आवडते, कारण तिला एक रुपयाही लागत नाही. हायवेवर एसी मस्त गार, आणि सिग्नलला थांबलं की कोमट. हा गॅसचा दोष असण्याची शक्यता कमी. गाडी पळते तेव्हा वारा कंडेन्सरवर आपोआप येतो. उभी राहिली की ते काम पंख्याने करायचं असतं. म्हणजे पंखा बंद आहे, किंवा कंडेन्सर चिखल-किड्यांनी बुजलाय. पाण्याच्या साध्या धारेने तो धुवा. प्रेशर वॉशर जवळून मारू नका, पातळ पत्रे आडवे होतात.

आता गेजकडे येऊ. बहुतेक गोंधळ इथेच होतो. मेकॅनिक इंजिन बंद असताना गेज लावतो आणि म्हणतो, “बघा, प्रेशर आहे, गॅस बरोबर आहे.” घरच्या सिलिंडरचा विचार करा. आत द्रव आहे तोवर दाब जवळपास तोच राहतो, सिलिंडर भरलेला असो की तळाला आलेला. म्हणून तर आपण वजन करून घेतो. एसीचंही तसंच. गेली काही दशकं आपल्या गाड्यांत आर-१३४ए हा गॅस वापरात आहे. ३० अंशांना त्याचा बंद अवस्थेतला दाब साधारण ९७ पीएसआय असतो, मग आत १५० ग्रॅम असो की ४५० ग्रॅम. म्हणजे हा आकडा ‘गॅस अजिबात नाही’ एवढंच पकडू शकतो, ‘किती आहे’ ते नाही.

एसी चालू असताना दोन्ही गेज एकत्र वाचायचे. ३५ अंशांच्या दुपारी कमी दाबाची बाजू साधारण ३० ते ४० आणि जास्त दाबाची २०० ते २५० पीएसआयच्या आसपास असावी. गाडीगणिक फरक पडतो. दोन्ही खाली, तर गॅस कमी असण्याचा संशय. दोन्ही वर, तर कंडेन्सर निवत नाही किंवा कुणीतरी गॅस जास्त भरलाय. हो, जास्त गॅसनेही एसी कमी थंड होतो! कमी बाजू वर आणि जास्त बाजू खाली, म्हणजे कंप्रेसर दाबतच नाही. आणि कमी बाजूची सुई शून्याखाली गेली, तर वाटेत कुठेतरी अडथळा आहे, बहुधा एक्स्पान्शन व्हॉल्व्हपाशी.

गळती शोधायला सांध्यांवर तेलकट, धूळ चिकटलेला डाग शोधा. गॅसबरोबर कंप्रेसरचं तेल फिरत असतं, गॅस जातो तिथे ते पाझरतं. सर्व्हिस पोर्टचं टोपण काढून साबणाचं पाणी लावा. तिथला व्हॉल्व्ह टायरच्या व्हॉल्व्हसारखाच असतो आणि पुष्कळदा गळती फक्त तिथेच निघते. तरी सापडलं नाही, तर नायट्रोजनचा दाब देऊन तपासणी करून घ्यावी.

दुरुस्तीनंतर व्हॅक्यूम. “पाच मिनिटं मारला की झालं” असं म्हणणाऱ्याकडे मी तरी गाडी देणार नाही. व्हॅक्यूमचं काम हवा काढण्याइतकंच ओल काढण्याचं आहे. दाब पुरेसा उतरला की पाणी ३० अंशांनाही उकळतं आणि वाफ होऊन निघून जातं, पण त्याला वेळ लागतो. अर्धा-पाऊण तास धरा. मग पंप बंद करून सुई स्थिर राहते का बघा. चढली तर गळती अजून आहे. ओल आत राहिली तर व्हॉल्व्हच्या छिद्रात बर्फ होतो, आणि तेलात आम्ल तयार होऊन कंप्रेसर खातं. त्यानंतर गॅस भरायचा तो वजनावर. किती ग्रॅम, ते बॉनेटखालच्या लेबलवर लिहिलेलं असतं. आणि जितकं तेल गेलं, तितकं परत घातलं का, हे विचारा. तेलाविना कंप्रेसर जाम झाला, तर त्याचे लोखंडी कण सगळ्या नळ्यांत पसरतात आणि बिल दहापट होतं.

जुना गॅस हवेत सोडू देऊ नका. १९८७ च्या मॉन्ट्रियल कराराने ओझोन खाणारा आर-१२ हटवला, त्याच्या जागी आर-१३४ए आला. तो ओझोनला त्रास देत नाही, पण तापमानवाढीत कार्बन डायऑक्साइडच्या हजारपटीहून जास्त भर घालतो. एका छोट्या गाडीतला ४५० ग्रॅम गॅस सोडला, तर अडीचशे लिटर पेट्रोल जाळल्याइतकं नुकसान होतं. मशीनने तो काढून पुन्हा वापरता येतो. शिवाय द्रव गॅस अंगावर उडाला तर कातडी गोठते, डोळ्यात गेला तर विचारूच नका. घरी नळ्या सोडायचा प्रयोग करू नये.

एका काकांनी चिठ्ठी पाठवली आहे : “एसीखाली पाणी ठिबकतं, गळती का?” नाही काका, ते कूलिंग कॉइलवर जमलेलं हवेतलं पाणी आहे. कोकणात पावसाळ्यात तर ते धार लागल्यासारखं येतं. काळजी तेव्हा करा, जेव्हा ते बाहेर न पडता पायाखालच्या मॅटवर येतं. मग ड्रेनची नळी तुंबलीय. ती मोकळी करायला दहा मिनिटं लागतात, त्यासाठी कुणी गॅस भरायला सांगितला तर सरळ गाडी वळवा.