जमिनीखालचं रान

सहारा वाळवंटाच्या दक्षिण कडेला असलेल्या नायजर देशात १९७० आणि ८०च्या दशकांत वृक्षलागवडीची मोठी धामधूम होती. परदेशी पैसा आला, रोपवाटिका झाल्या, खड्डे खणले, आणि रोपं बहुतेक मेली. काही उन्हानं, काही शेळ्यांच्या तोंडी, काही वाळूखाली. मारादी भागात हे काम पाहणारा ऑस्ट्रेलियन कृषितज्ज्ञ टोनी रिनॉडो १९८३ साली एकदा वाटेत थांबला. वाळूत गाडी रुतू नये म्हणून चाकांतली हवा कमी करायची होती. आजूबाजूच्या उघड्या शेतांत नेहमीची खुरटी झुडपं होती. जवळ जाऊन पानं पाहिली, तेव्हा लक्षात आलं की ही झुडपं नव्हेतच. तोडलेल्या झाडांच्या बुडख्यांतून फुटलेले ते धुमारे होते. झाडं वरून गेली होती, मुळं शाबूत होती. लाखो रोपं आणून लावायची ज्या जमिनीत खटपट चालली होती, तिच्या पोटात रान होतंच.

कोकणात राबासाठी ऐनाच्या फांद्या तोडणाऱ्याला यात काही नवल वाटणार नाही. नायजरच्या शेतकऱ्यांनाही बुडखा फुटतो हे ठाऊक होतंच. पण पेरणीआधी शेत साफ करताना ते दरवर्षी हे फुटवे कापून जाळत, कारण झाडाविना शेत म्हणजे चांगलं शेत, ही सरकारी शिकवण होती.

रिनॉडोनं सुचवलेली रीत अगदी साधी. बुडख्यावरच्या वीस-पंचवीस फुटव्यांपैकी चार-पाच सरळ, जोमदार ठेवायचे, बाकीचे कापायचे. ठेवलेल्यांच्या खालच्या फांद्या छाटायच्या. पाला शेतात पसरू द्यायचा, काटक्या सरपणाला न्यायच्या. मोठी झालेली मुळं अन्नपाणी पुरवतात म्हणून फुटवा रोपापेक्षा कितीतरी वेगानं वाढतो. रोपवाटिका नको, टँकर नको, खर्च जवळपास शून्य. निधी वाटणाऱ्यांना ही पद्धत बराच काळ रुचली नाही, त्याचं एक कारण हेच असावं. तिचं उद्घाटन करता येत नाही.

सुरुवात अडखळतच झाली. ज्याच्या शेतात झाडं उभी, त्याला गावकरी हसत आणि रात्रीतून कुणीतरी ती तोडून नेई. १९८४च्या दुष्काळात धान्याच्या मोबदल्यात झाडं राखण्याची योजना आली, तेव्हा पाच लाखांच्या आसपास झाडं राखली गेली. धान्य थांबलं तसा त्यांतल्या बहुतेकांवर कोयता फिरला. ज्यांनी ठेवली, त्यांना मात्र फरक दिसला. वाऱ्यानं उडालेली वाळू कोवळी रोपं कापून काढी, म्हणून एकाच हंगामात तीन-तीनदा पेरणी करावी लागे. झाडांच्या आडोशाला एकदाच पुरू लागली. त्या भागातलं ‘गाव’ नावाचं बाभूळकुळातलं झाड तर शेतकऱ्यासाठीच घडवल्यासारखं आहे. पावसाळ्यात ते पानं गाळतं, त्यामुळे पिकाला सावलीचा त्रास नाही. उन्हाळ्यात हिरवं होतं आणि गुरांना शेंगा देतं. मुळांवर नत्र साठवतं, ते वेगळंच.

पण खरी गाठ कायद्यात होती. फ्रेंच राजवटीपासून चालत आलेल्या नियमांनी शेतातलं झाडही सरकारचं ठरवलं होतं. आपल्याच बांधावरची फांदी तोडली तरी दंड. मग फुटवा राखायचा कुणासाठी? ८०च्या दशकाच्या मध्यापासून हा जाच सैलावला, झाड आपलं आहे असं शेतकऱ्याला वाटू लागलं, आणि पद्धत गावोगाव आपसूक पसरली. पुढे ख्रिस राइ आणि ग्रे टॅपन या अभ्यासकांनी हवाई छायाचित्रं आणि उपग्रहचित्रं ताडून पाहिली, तेव्हा दक्षिण नायजरमध्ये सुमारे पन्नास लाख हेक्टरांवर वीस कोटींच्या घरात झाडं वाढलेली दिसली. त्या काळात पाऊसही थोडा सुधारला होता, हे सांगायला हवं. सगळं श्रेय कोयत्याच्या शिस्तीला देता येणार नाही.

इथिओपियात हुम्बो इथे २,७२८ हेक्टर उजाड डोंगर सात सहकारी संस्थांनी असाच राखला. त्याची कार्बनपतही विकली गेली. टांझानियाच्या शिन्यांगाची कथा मला अधिक मोलाची वाटते, कारण तिथे बाहेरून कुणाला काही शिकवावं लागलं नाही. सुकुमा लोकांची ‘न्गितिली’, म्हणजे उन्हाळ्यासाठी राखून ठेवलेलं कुरण, ही जुनी रीत. त्सेत्से माशी हटवण्याच्या मोहिमेत झाडं तोडली गेली, १९७०च्या दशकात सक्तीनं गावं हलवली गेली, त्यात ती रीत मोडली. १९८६ नंतर सरकारनं ती परत मानली. काही शे हेक्टरांवर उरलेली न्गितिली पुढच्या दोन दशकांत तीन लाख हेक्टरांच्या पुढे गेली.

आपल्याकडेही हे घडलेलं आहे. पश्चिम बंगालमध्ये मिदनापूरच्या आराबारीत १९७२च्या सुमारास वनाधिकारी अजित बॅनर्जी यांनी अकरा गावांना सालाच्या जंगलातल्या उत्पन्नाचा पाव हिस्सा कबूल केला. गावकरी राखण करू लागले आणि तोडलेल्या सालाच्या खुंटांतून जंगल उठलं. महाराष्ट्रात राळेगणसिद्धी आणि हिवरेबाजारनं कुऱ्हाडबंदी, चराईबंदी पाळली. तिथे चर खणले, रोपंही लावली, पण माळावर गवत आधी आलं ते गुरांचं तोंड थांबल्यामुळे. गवत विळ्यानं कापून न्यायला मुभा होती, मोकळं चारायला नव्हती.

या बंदीची किंमत कोण मोजतं, याची चर्चा मात्र आपण टाळतो. बागायतदाराच्या विहिरीला पाणी वाढतं; चार शेळ्यांवर जगणाऱ्या भूमिहीन बाईचं आणि दरवर्षी मेंढरं घेऊन येणाऱ्या धनगराचं चराऊ रान पहिल्याच दिवशी बंद होतं. जिथे डोंगराचे तुकडे पाडून आळीपाळीनं बंद-खुले केले जातात, किंवा कापलेल्या गवतात त्यांचा वाटा ठरतो, तिथे बंदी टिकण्याची शक्यता जास्त. जिथे तसं होत नाही, तिथे मेंढरं रात्री आत शिरतात.

राज्यानं २०१७ ते २०१९ या तीन वर्षांत पन्नास कोटी रोपं लावण्याचा संकल्प सोडला होता. खुंटांतून येणाऱ्या फुटव्यांचा हिशेब अशा संकल्पात बसत नाही. आणि खाजगी जमिनीवरच्या साग, ऐन, खैर, आंबा, फणस अशा झाडांसाठी १९६४चा वृक्षतोड नियंत्रण कायदा अजून आहे. तो झाडांच्या भल्यासाठीच केला होता. पण तोडायच्या परवानगीसाठी कचेरीत खेटे घालावे लागणार, हे जाणणारा शेतकरी बांधावरचा सागाचा फुटवा बोटभर असतानाच खुडून टाकतो. बोटभर फुटवा खुडायला परवानगी लागत नाही.