यंत्राचा आवाज आणि आपला ऊस



वार्षिक सर्वसाधारण सभेत एक प्रश्न हमखास निघतो. “हंगाम संपेपर्यंत यंत्रं चालत होती, मग दुरुस्तीला एवढा खर्च कशापायी?” प्रश्न रास्त आहे. पैसा सभासदांचा, तेव्हा विचारण्याचा हक्कही त्यांचाच. पण उत्तर समजायचे तर आवाज आणि कंप यांची थोडी ओळख करून घ्यावी लागेल.

देवळातल्या घंटेवर टोल दिला की घंटेचा पत्रा थरथरतो, तो थरथराट हवेतून कानाशी येतो, त्यालाच आपण आवाज म्हणतो. वस्तू सेकंदाला किती वेळा हलते ती तिची कंप्रता. ती हर्ट्झमध्ये मोजतात. माणसाच्या कानाला साधारण २० ते २०,००० हर्ट्झपर्यंतचे ऐकू येते. घंटेला हात लावला की नाद विरतो, कारण हाताने तिची हालचाल जिरवली. याला अभियंते दमन म्हणतात. यंत्राखाली रबराच्या गाद्या घालतात त्या याच कामासाठी.

प्रत्येक वस्तूची स्वतःची अशी एक कंप्रता असते. बाजारात मडके घेताना आपण ते वाजवून घेतो. चीर गेलेले मडके बद्द वाजते, कारण चिरेमुळे त्याची कंप्रता आणि दमन दोन्ही बदलतात. शाफ्ट, पंखा, पाया यांचेही तसेच असते.

आता नागपंचमीचा झोका आठवा. वेळ साधून हलके हलके ढकलले तरी झोका आभाळाला लागतो. बाहेरचा धक्का आणि वस्तूची स्वतःची कंप्रता जुळली की लहान धक्क्याने मोठी हालचाल होते. याचे नाव अनुनाद. इंग्लंडात मँचेस्टरजवळ १८३१ साली सैनिकांची तुकडी ब्रॉटनच्या झुलत्या पुलावरून चालली होती. पावले एका तालात पडली, पूल झुलू लागला आणि एका बाजूने कोसळला. पुढे पुलावर ताल मोडून चालण्याचा दंडक पडला.

कारखान्यात हा ताल फिरणारे यंत्र देते. ऊस मिलमध्ये जाण्याआधी त्याचा भुगा करणारे फायब्रायझर घ्या. समजा, ते मिनिटाला ७५० फेऱ्यांनी फिरते आणि त्याच्या हातोड्या मध्यापासून पाऊण मीटरवर आहेत. समोरासमोरच्या दोन हातोड्यांच्या वजनात फक्त १ किलोचा फरक राहिला, तर शाफ्टवर सुमारे ४७० किलोचा ओढा येतो, आणि तो सेकंदाला साडेबारा वेळा गरगर फिरतो. वेग दुप्पट केला तर ओढा चौपट! बॉल बेअरिंगवरचा भार दुप्पट झाला की त्याचे आयुष्य आठव्या हिश्शावर येते. म्हणून हंगाम संपल्यावर हातोड्या तोलून जोड्या लावणे, रोटर बॅलन्स करणे, शाफ्टची कपलिंग सरळ रेषेत आणणे, पायाचे बोल्ट आवळणे ही कामे करावी लागतात. यंत्र ‘चालत होते’ खरे, पण बेअरिंग आतून झिजत होते.

हे काम राहिले तर हंगामात गव्हाण बंद पडते. बैलगाड्या, ट्रॅक्टर, ट्रक यांची रांग लागते. उन्हात उभा ऊस वाळतो, वजन घटते, साखर मोडते. काट्यावरची घट सभासदाची. उताऱ्यातली घट कारखान्याची, म्हणजे फिरून सभासदाचीच.

यात आपलाही वाटा आहे. मोळीत तुटका कोयता आला तर तो लोहचुंबकाला सापडू शकतो. दगड मात्र सापडत नाही. दगडाने एक हातोडी मोडली की सगळा तोल गेला. तेव्हा मोळी बांधताना टोळीवर नजर ठेवा.

हेच शास्त्र विहिरीवरच्या पंपालाही लागू आहे. मोटर थरथरत असेल तर वीज बंद करून बघा. थरथर त्याच क्षणी थांबली तर दोष बहुधा विजेच्या बाजूचा. वेग उतरेल तशी हळूहळू कमी झाली तर दोष यांत्रिक: तोल, कपलिंग किंवा बेअरिंग. वेग उतरताना मध्येच एकदा जोरात हादरे बसले, तर तिथे अनुनाद आहे. पाया आणि बोल्ट तपासा. पंपात खडे घोळल्यासारखा आवाज येत असेल तर फूटव्हॉल्व्ह तुंबलेला नाही ना, पाणी फार खाली गेलेले नाही ना, ते पाहा.

शेवटी कामगार बंधूंच्या कानांविषयी. आवाज डेसिबलमध्ये मोजतात, आणि हे माप साध्या बेरजेने चालत नाही. ९० डेसिबलच्या दोन यंत्रांचा मिळून आवाज १८० होत नाही, ९३ होतो. मात्र ३ डेसिबल वाढले म्हणजे आवाजाची शक्ती दुप्पट झाली, आणि १० वाढले म्हणजे दहापट. आपल्याकडे कारखान्यांच्या नियमांत आठ तासांच्या पाळीला ९० डेसिबल ही मर्यादा धरत आले आहेत. त्याहून जास्त आवाजात वर्षानुवर्षे उघड्या कानाने काम केले तर ऐकू येणे कायमचे कमी होते, आणि गेलेले परत येत नाही. मिलवर आणि पॉवर हाऊसमध्ये कानाची बोंडे किंवा टोप्या वापरण्यात कमीपणा कसला?

तात्पर्य, यंत्र बंद पडण्याआधी बोलत असते. येत्या सभेत दुरुस्तीच्या खर्चाचा हिशेब जरूर विचारा. त्याचबरोबर रोटर बॅलन्स केले का, कंप मोजून नोंदवहीत लिहिले का, हेही विचारा. असा प्रश्न विचारणारा सभासदच कारखान्याचा खरा पहारेकरी.