रेणू पाहावा फिरवून

भौतिकशास्त्र घेतलेल्याने बेडकाकडे पाहू नये आणि जीवशास्त्र घेतलेल्याने गणिताचे नाव काढू नये, असा एक अलिखित नियम आपल्याकडे पी.यू.सी.च्या पहिल्या वर्षापासूनच लागू होतो. निसर्गाला ही वाटणी ठाऊक नाही. स्नायू आकुंचन पावतो तेव्हा तेथे बल असते, मज्जातंतूतून संदेश जातो तेव्हा विद्युत्‌भार सरकत असतो, आणि रक्त प्राणवायू वाहून नेते तेव्हा एका रेणूचा आकार बदलत असतो. जिवंत वस्तूंमधील अशा घडामोडी भौतिकशास्त्राच्या नियमांनी व साधनांनी समजून घेणारे जे शास्त्र, ते जीवभौतिकी. प्रथिने, न्यूक्लीइक आम्ले अशा मोठमोठ्या रेणूंची रचना हा त्याचा फार मोठा भाग. आपल्या महाविद्यालयात हा विषय स्वतंत्रपणे शिकवला जात नाही, आणि त्याची यंत्रे तर कोट्यवधी रुपयांची. तरीही संगणकाच्या पडद्यावर हा विषय विनामूल्य कसा शिकता येतो, हे सांगण्यासाठी हा लेखनप्रपंच.

मी स्वतः हे शिकले ते सावलीला. माझे आईवडील तेथे असतात, मी शिक्षणासाठी इकडे मामांकडे. म्हणून प्रत्येक सुट्टी सावलीची. बडोद्याच्या उत्तरेस सुमारे तीस किलोमीटरवर असलेले हे तालुक्याचे गाव मराठी वाचकाला ऐकून माहीत असलेच तर इतिहासामुळे. १७३२ साली डाकोर येथे पिलाजीराव गायकवाडांचा खून झाला, तेव्हा त्यांच्यावर अंत्यसंस्कार सावलीला करण्यात आले. आज तालुक्याची ओळख कारखान्यांनी होते. मंजुसरची औद्योगिक वसाहत याच तालुक्यात, मेट्रो रेल्वेचे डबेही इकडेच तयार होतात. वडिलांची नोकरी अशाच एका कारखान्यात. घरी एक जुना संगणक व इंटरनेट, एवढीच माझी प्रयोगशाळा होती.

बडोद्याचे नाव निघाले आहे तर वेंकटरामन रामकृष्णन यांच्याविषयी सांगितलेच पाहिजे. जन्म १९५२, चिदंबरमचा. पण बालपण आणि शिक्षण बडोद्याचे. वडील तेथील महाराजा सयाजीराव विद्यापीठात जीवरसायनशास्त्राचे प्राध्यापक. मुलाने मात्र भौतिकशास्त्र घेतले, १९७१ साली बी.एस्सी. झाले, अमेरिकेत जाऊन भौतिकशास्त्रातच डॉक्टरेट मिळवली, आणि त्यानंतर पुन्हा विद्यार्थी होऊन जीवशास्त्राच्या वर्गात बसले! पेशीमध्ये प्रथिने जेथे विणली जातात त्या रायबोसोमच्या लहान भागाची रचना त्यांच्या गटाने २००० साली उलगडली. २००९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक त्यांना टॉमस स्टाइट्झ आणि ॲडा योनाथ यांच्यासमवेत मिळाले. पी.यू.सी.ला घेतलेला विषय म्हणजे जन्माची गाठ नव्हे, याला याहून मोठा पुरावा कोणता?

ज्या १९७१ साली रामकृष्णन पदवीधर झाले, त्याच साली अमेरिकेतील ब्रुकहेवन प्रयोगशाळेत ‘प्रोटीन डेटा बँक’ सुरू झाली. मराठीत तिला रेणूंची पतपेढी म्हणावयास हरकत नाही, मात्र ही पतपेढी ठेव घेते आणि व्याजासकट सगळ्या जगाला वाटून टाकते. आरंभी तिच्यात अवघ्या सात प्रथिनांच्या रचना होत्या, आणि माहिती चुंबकीय फितीवर नोंदवून टपालाने पाठवली जाई. आज तेथे दोन लाखांहून अधिक रचना आहेत. संशोधकाने प्रथिनाची रचना शोधली की त्यातील प्रत्येक अणूचे स्थान, म्हणजे क्ष, य, ज्ञ असे तीन आकडे, तो येथे जमा करतो. तसे केल्याखेरीज प्रमुख नियतकालिके त्याचा निबंधच छापत नाहीत. आपण ते आकडे कोणाचीही परवानगी न घेता उतरवून घेऊ शकतो. आपल्या पाठ्यपुस्तकातील आकृती ही चित्रकाराने काढलेली असते. येथे जे दिसते ते मोजमापातून आलेले असते. हा फरक मला फार महत्त्वाचा वाटतो.

ही मोजमापे होतात कशी? प्रथिनाचा स्फटिक करून त्यावर क्ष-किरण सोडतात. स्फटिकातील अणूंच्या रांगांमुळे किरणांचे विवर्तन होऊन ठिपक्यांची नक्षी उमटते, आणि त्या ठिपक्यांच्या तीव्रतेवरून गणिताने अणूंच्या जागा काढतात. केंब्रिजच्या जॉन केंड्र्यू यांनी १९५८ साली मायोग्लोबिनची पहिली ढोबळ रचना अशीच मिळवली. मॅक्स पेरुट्झ यांनी हीमोग्लोबिनसाठी वीस वर्षांहून अधिक काळ घालवला. १९६२ चे नोबेल या दोघांना मिळाले. म्हणूनच पडद्यावरच्या सुंदर रंगांना भुलण्याआधी प्रत्येक रचनेच्या पानावर ‘रिझोल्यूशन’ म्हणून दिलेला आकडा पाहावा. तो अँगस्ट्रॉममध्ये असतो. एक अँगस्ट्रॉम म्हणजे सेंटिमीटरचा दहा कोटीवा भाग. दोन कार्बन अणूंमधला साधा बंध सुमारे दीड अँगस्ट्रॉम लांब. तेव्हा आकडा दोनच्या आसपास असेल तर अणूंच्या जागांवर बराच भरवसा ठेवता येतो. साडेतीन-चार असेल तर साखळीची वळणे खरी, पण एकेका अणूची जागा अंदाजाची. आकडा जितका लहान, तितकी नजर तीक्ष्ण.

त्याच पानावर ‘रामचंद्रन’ हे आपल्याकडचे नावही भेटते. जी. एन. रामचंद्रन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६३ साली मद्रासला दाखवून दिले की, प्रथिनाची साखळी वाटेल तशी वळू शकत नाही; अणू एकमेकांवर आदळतात, त्यामुळे काही कोनच शक्य होतात. त्या कोनांचा नकाशा तो रामचंद्रन आलेख. जगात कोठेही रचना जमा झाली की या आलेखावर तिची परीक्षा होते. हेच रामचंद्रन पुढे बंगलोरला भारतीय विज्ञान संस्थेत आले व तेथे त्यांनी रेणवीय जीवभौतिकीचा विभाग उभा केला.

आता प्रत्यक्ष एक उदाहरण घेऊ. सावलीला आमच्या शेजारी छोटाउदेपूरकडचे एक आदिवासी कुटुंब राहते. गेल्या उन्हाळ्यात त्यांच्या मोठ्या मुलीचे लग्न ठरत होते आणि त्याच सुमारास तिची रक्ततपासणी झाली. कागदावर ‘एएस’ असे लिहून आले. तिची आई कागद घेऊन आमच्याकडे आली. “बेटा, आ ‘एस’ एटले शुं?” मासींना डॉक्टरांनी सांगितले नव्हते असे नाही, मुलगी वाहक आहे, तिला स्वतःला बहुधा त्रास होणार नाही, पण नवऱ्या मुलाचीही तपासणी करून घ्या, हे त्यांना पाठ होते. दोघेही वाहक असतील तर प्रत्येक अपत्याला आजार होण्याची शक्यता चारात एक. त्यांना कळत नव्हते ते निराळेच. मुलीचे ‘लोही’ वाईट आहे, असे सासरी बोलतील काय, ही त्यांची धास्ती होती.

‘एस’ म्हणजे सिकल, विळा. या आजारात तांबड्या रक्तपेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, असह्य वेदना होतात. भारतात हा दोष प्रथम १९५२ साली निलगिरीतील आदिवासींमध्ये नोंदला गेला. गुजरातच्या पूर्व पट्ट्यात, आपल्या नंदुरबार-गडचिरोलीकडे तो आढळतो, आणि त्याच्या निर्मूलनासाठी २०२३ साली केंद्र सरकारने देशव्यापी मोहीम सुरू केली.

मी पतपेढीच्या शोधखान्यात ‘२एचबीएस’ हा चार अक्षरांचा क्रमांक टाकला. (तेथे तो अर्थातच रोमन लिपीत टाकावा लागतो.) ही सिकल हीमोग्लोबिनची १९९७ साली प्रसिद्ध झालेली रचना, रिझोल्यूशन २.०५. हीमोग्लोबिनचा एक रेणू चार साखळ्यांचा असतो, दोन अल्फा आणि दोन बीटा. अल्फात १४१ ॲमिनो आम्ले, बीटात १४६, एकूण ५७४. त्यांतील बीटा साखळीवरच्या सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलीन आलेले असते. एवढाच काय तो बदल. ग्लुटामिक आम्लावर ऋण विद्युत्‌भार असतो, ते पाण्यात सुखाने राहते. व्हॅलीन तेलकट वृत्तीचे. त्याला पाणी नको, आडोसा हवा. रेणूने प्राणवायू सोडला की शेजारच्या रेणूच्या बीटा साखळीवर, ८५ आणि ८८ या जागांपाशी, असाच एक तेलकट खळगा उघडा पडतो. व्हॅलीन तेथे जाऊन बसते. एकाला एक लागून रेणूंचे लांब धागे होतात, आणि हे धागेच पेशीला आतून वाकवतात.

या रचनेची खुबी अशी की, तिच्यात एक नव्हे, दोन हीमोग्लोबिन शेजारी शेजारी आहेत. उंदराने रेणू फिरवत फिरवत नेला की एकाचे व्हॅलीन दुसऱ्याच्या खळग्यात शिरलेले स्वच्छ दिसते. तेथे मला विवर्तन, विद्युत्‌भार, पाणी आणि तेल यांचे वैर हे सगळे एका जागी भेटले. वर्गात ते चार वेगवेगळ्या तासांना भेटते. मासींनी बराच वेळ पाहिले. दोन्ही साखळ्यांवरची तेवढी एक जागा मी लाल करून ठेवली होती. “आटलुंज?” त्यांनी विचारले. एवढेच, मी म्हटले. बाकीचे सगळे तुमच्या-माझ्यासारखे, आणि तुमच्या मुलीच्या रक्तात तर चांगले हीमोग्लोबिनही आहेच. पुढे नवऱ्या मुलाची तपासणी झाली. तो वाहक नाही असे निघाले.

ज्यांना हे स्वतः करून पाहावयाचे आहे त्यांच्यासाठी एक खुलासा. प्रथिनांतील ॲमिनो आम्लांचा क्रम पाहण्यासाठी ‘युनिप्रॉट’ नावाचा दुसरा कोश आहे. तेथे हीच बीटा साखळी १४७ आम्लांची दिसते आणि सिकलचा बदल सहाव्या नव्हे, सातव्या जागी. दोन्ही बरोबर आहेत. साखळी विणताना आरंभी मेथिओनिन हे आम्ल येते आणि मागाहून ते छाटले जाते. एक कोश ते धरून मोजतो, दुसरा सोडून. क्रमांकांची तुलना करताना हे ध्यानात ठेवावे.

आता ज्याचा फार बोलबाला आहे त्या ‘अल्फाफोल्ड’विषयी. नुसत्या क्रमावरून प्रथिनाचा आकार वर्तवणारा हा संगणकी कार्यक्रम. त्याबद्दल डेमिस हसाबिस आणि जॉन जंपर यांना २०२४ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलचा अर्धा वाटा मिळाला, उरलेला अर्धा नवी प्रथिने रचणाऱ्या डेव्हिड बेकर यांना. त्याच्या कोशात वीस कोटींहून अधिक भाकिते सर्वांना खुली आहेत. चित्रात गडद निळा रंग म्हणजे भाकिताची खात्री चांगली, पिवळा-नारिंगी म्हणजे जपून. सोय मोठी आहे यात शंका नाही. पण आमच्या कॉलेजात हल्ली कोणी प्रयोगातून आलेली रचना आणि भाकीत यांत भेदच करीत नाही, हे मला पटत नाही. सिकलचेच पाहा. तेथे एकट्या साखळीचा आकार जवळजवळ बदलतच नाही. बिघाड होतो तो दोन रेणू शेजारी आल्यावर. एक आम्ल बदलून भाकीत मागितले तर बहुधा तीच आकृती परत हाती येते. मासींच्या प्रश्नाचे उत्तर मला मिळाले ते कोणीतरी प्रत्यक्ष स्फटिक वाढवून मोजून ठेवले होते म्हणून.

अगदी नवख्याने सुरुवात कोठून करावी? माझ्या मते पतपेढीच्याच ‘पीडीबी-१०१’ या शैक्षणिक विभागातून. तेथे जानेवारी २००० पासून दरमहा एका रेणूची ओळख येते. पहिला मान मायोग्लोबिनचा. डेव्हिड गुडसेल हे शास्त्रज्ञही आणि चित्रकारही. पेशीच्या आतली दाटी त्यांनी जलरंगांत रंगवली आहे, ती एकदा पाहिली की पेशी म्हणजे पाण्याने भरलेली पिशवी ही कल्पना कायमची जाते. इंग्रजी सोपे आहे. सविस्तर व्याख्याने हवी असतील तर आय.आय.टी. आणि भारतीय विज्ञान संस्थेच्या अध्यापकांची ‘एनपीटेल’वर आहेत, ऐकण्यास पैसे पडत नाहीत, प्रमाणपत्राच्या परीक्षेला शुल्क आहे. मात्र गणित थोडे घोटून मगच तिकडे वळावे.

मराठीतून म्हणाल तर हात आखडतो. मराठी विश्वकोश आता इंटरनेटवर विनामूल्य वाचता येतो आणि प्रथिनांसारख्या विषयांची मूलभूत मांडणी त्यात भारदस्त व नेमकी आहे. परंतु त्याचे खंड १९७६ पासून निघत गेले, तेव्हा अलीकडचे आकडे त्यात शोधू नयेत. परिभाषा मात्र तेथूनच घ्यावी. या अंकाच्या कन्नड विभागात लिहिणारी माझी मैत्रीण आणि मी एकदा हीमोग्लोबिनची एकच आकृती समोर ठेवून तिला दोन भाषांत नावे देत बसलो होतो. तिची ‘साखळी’ झाली ‘सरपळी’, आणि ‘रेणू’ला तिने ‘अणू’ म्हटले तेव्हा आमचे चांगलेच भांडण जुंपले. कारण कन्नडमध्ये रेणूला अणू म्हणतात आणि अणूला परमाणू! शेवटी आम्ही कागदावर तीन रकाने पाडले. तो कागद रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेतील फलकावर लावला आहे. कोणाला भर घालावीशी वाटल्यास खाली जागा ठेवली आहे. रेणू फिरवून पाहण्यास साधा मोबाईलही चालतो, फक्त २एचबीएस जरा जड आहे, उघडेपर्यंत धीर धरावा लागतो.